भिंगरीची फिरती

आपल्या भाषेत 'फिरती' आणि 'फिरणं' हे दोन शब्द सख्ख्या बहिणींसारखे दिसतात, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. फिरणं म्हणजे मजा. मनात आलं की निघायचं, दमलं की बसायचं. फिरती म्हणजे नोकरी. साहेबाने बोट दाखवलं त्या गावाला जायचं, आणि दमलं तरी उभं राहायचं. पण ऐकणाऱ्याच्या कानात 'फिर' एवढंच शिरतं, आणि लगेच त्याच्या पोटात दुखायला लागतं. "काय बाई मजा आहे तुझी! सारखी फिरत असतेस!"

हे वाक्य तिने इतक्या तोंडांतून ऐकलं होतं, की एखाद्या दिवशी तेच वाक्य बोलणाऱ्याच्या पाठीत घालावं असं तिला वाटे.

ती लिफ्टची तपासनीस होती. गावोगावच्या दवाखान्यांतल्या, कचेऱ्यांतल्या, हॉटेलांतल्या लिफ्ट तपासायच्या आणि चालवायला योग्य आहेत की नाहीत ते ठरवायचं, हे तिचं काम. वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या तिच्या तीन मैत्रिणींनी तिचं नाव ठेवलं होतं भिंगरी. पायाला भिंगरी बांधलीय म्हणून भिंगरी. सुरुवातीला तिलाही गंमत वाटली होती. पुढे पुढे ते नाव इतकं चिकटलं, की तिचं खरं नाव त्या तिघींच्या तोंडून निघेनासंच झालं.

भिंगरीची मजा काय होती ती ऐका. हॉटेलातली सगळ्यात स्वस्त खोली, जिची खिडकी उघडली की समोर भिंत. दिवसभर लिफ्टच्या बोळात, म्हणजे ज्या उभ्या भुयारातून लिफ्ट वर-खाली जाते त्यात, लिफ्टच्या टपावर बसून तारा, कड्या, कुलपं बघायची. वंगणाचा वास केसांत असा मुरायचा की उशीलाही लागायचा. संध्याकाळी जेवायला खाली गेलं की वेटर विचारायचा, "एकट्याच का?" आणि मग तिला स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल दाखवायचा. ती फोन समोर उभा करून जेवायची, म्हणजे कोणीतरी बरोबर आहे असं वाटावं. घरी फोन केला तर नवरा म्हणायचा, "तुझं बरंय. आयतं ताट समोर येतं. इथे मी भांडी घासतोय." स्वभावाने वाईट नव्हता बिचारा, पण आठवड्यातून दोनदा भांडी घासली की माणसाला आपण संत झालो असं वाटायला लागतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चौघी मैत्रिणी एकत्र जेवत. चिमणी, जिच्या पलंगाशेजारी हिचा पलंग होता आणि जिची स्वप्नंसुद्धा हिला पाठ होती. दातवाली, जिचा दातांचा दवाखाना होता. आणि हेडबाई, जी खरोखरच एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि रविवारीही ते विसरायला तयार नसे. कुठे जेवायचं, कोणी कुठे बसायचं, कोणी काय मागवायचं, सगळं हेडबाई ठरवी. बाकीच्या हो म्हणत. भिंगरी तर नेहमीच हो म्हणे, कारण महिनाभर एकटीने जेवल्यावर समोर तीन तोंडं बोलताहेत, हसताहेत, एकमेकींच्या ताटातलं उचलताहेत, एवढंच तिला हवं असायचं. कामामुळे कधी तिचा रविवार चुकला, तर तो महिना तिला अळणी जायचा.

तळ्याकाठचं हॉटेल तिनेच शोधलेलं. शोधलेलं म्हणजे तपासलेलं. दरवर्षी तिथली लिफ्ट बघायला ती जायची. तळं तिने कधी धड पाहिलं नव्हतं. एकदा यंत्रखोलीच्या झरोक्यातून वीतभर पाणी दिसलं होतं, तेवढंच. पण तळमजल्यावरून जाता-येता तिला तो लांबलचक व्हरांडा दिसायचा. पांढरी टेबलं, वेताच्या खुर्च्या, जेवण संपलं तरी उठायचं नाव न घेणारी माणसं. एका रविवारी तिने जेवताना त्याचं असं वर्णन केलं की दातवालीसुद्धा चमचा खाली ठेवून ऐकत राहिली. "आपण चौघी जाऊ," ती म्हणाली होती. "एकदाच. दोन दिवस. मला त्या व्हरांड्यात बसायचंय, हातात पान्हा नसताना."

दोन वर्षं ती हेच म्हणत होती. कधी हेडबाईची परीक्षा आडवी आली, कधी दातवालीचे पेशंट. दोनदा हिच्या फिरतीमुळेही तारीख मोडली, हे खरंय; नाकारण्यात अर्थ नाही. पण दरवेळी पुन्हा विषय काढायची तीच. त्या दोन दिवसांसाठी तिने एक निळा सदरा घेऊन ठेवला होता. एरवी तिचे सगळे कपडे वंगणाचे डाग दिसू नयेत अशा रंगांचे असायचे.

या महिन्यात हेडबाईने सगळ्यांना निरोप पाठवला, की रविवारचं जेवण रद्द, शाळेत काम आहे. भिंगरीने लिहिलं, "अरेरे. पुढच्या महिन्यात नक्की." त्यावर तिघींनी अंगठे दाखवले.

आणि रविवारी सकाळी ती त्याच तळ्याकाठच्या हॉटेलात, लिफ्टच्या बोळात, लिफ्टच्या टपावर उभी होती. खरं तर या हॉटेलाची पाळी पुढच्या महिन्यात होती. पण एक सहकारी तापाने झोपला आणि साहेबाने त्याच्या सगळ्या जागा तिच्या गळ्यात घातल्या; त्या याच वाटेवर, म्हणून हे हॉटेलही आताच उरकायचं ठरलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं पुटपुटत तिने बॅग भरली होती.

तिचा फिटर वर यंत्रखोलीत होता. ती टपावरच्या बटणांनी लिफ्ट कासवाच्या चालीने वर सरकवत एकेका मजल्याचा दरवाजा आतल्या बाजूने बघत होती. लिफ्टच्या कामात हजार गोष्टी असतात, पण त्यातल्या दोन देवाच्या आज्ञेसारख्या. लिफ्ट समोर नसेल तर मजल्यावरचा दरवाजा उघडता कामा नये, आणि दरवाजा उघडा असेल तर लिफ्ट हलता कामा नये. तिसऱ्या मजल्याच्या दरवाजापाशी तिने विजेरी मारली आणि तिच्या तोंडून शिवी निघाली. कुलपाची कडी झिजून गुळगुळीत झाली होती. लिफ्ट सारखी अडते म्हणून कोणा उंटावरच्या शहाण्याने तिथला विजेचा संपर्क साध्या तारेच्या तुकड्याने जोडून टाकला होता. आता दरवाजा सताड उघडा असला, तरी लिफ्टला वाटणार, सगळं आलबेल आहे.

तेवढ्यात दरवाजाच्या पलीकडून आवाज आला.

"किती वेळ गं ही लिफ्ट?"

"पाटी लावलीय ना, तपासणी चालू म्हणून."

"भिंगरीला फोन करून सांग, तुझी लाडकी लिफ्ट अडकलीय." आणि हसणं.

ते हसणं तिने अंधारातही ओळखलं असतं. ती अंधारातच होती. दातवाली हसताना शेवटी एक उचकी देते.

"नको हं. तिला कळायला नको." हा हेडबाईचा आवाज.

"मला कालपासून बरं वाटत नाहीये," चिमणी म्हणाली. "हॉटेल तिने शोधलेलं. दोन वर्षं मागे लागली होती बिचारी."

"अगं, ती तर इथे येतच असते!" हेडबाई म्हणाली. "ते पण कंपनीच्या पैशाने. तिला काय अप्रूप याचं? रोज गोड खाणाऱ्याला कोणी आग्रह करतं का?"

"आणि दोनदा तिच्यामुळेच रद्द झालं," दातवाली म्हणाली. "सारखी फिरत असते, मग आपण तरी किती थांबायचं?"

"तेच म्हणते मी. फिरणाऱ्याला फिरू दे, बसणाऱ्याला बसू दे."

चिमणी काही बोलली नाही. आणि खरं सांगायचं तर हेडबाईच्या सगळ्या बडबडीपेक्षा चिमणीचं ते गप्प बसणंच भिंगरीच्या काळजात घुसलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तशी ती गेली. मधे कुठे थांबली नाही.

तरी तिने काम सोडलं नाही. कडी किती झिजलीय ते बघायला दरवाजाला आतून हात लावून बघावंच लागतं. तिने दोन बोटं लावली आणि बाजूला सारलं. दरवाजा सरळ उघडला, आणि तिघींच्या पायांशी, कंबरेपर्यंत जमिनीच्या खाली, डोक्यावर टोप, हातात विजेरी, गालावर वंगणाचा फराटा, अशी त्यांची भिंगरी उभी.

दातवालीच्या हातातला चष्मा पडला. चिमणीने तोंडावर हात ठेवला. हेडबाईला मात्र शाळेत इतकी वर्षं मुलांना रंगेहाथ पकडायची सवय. पकडलं गेल्यावर काय करायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने सरळ विनोद केला.

"अगंबाई! बघा, म्हटलं नव्हतं मी? हिचीच खरी मजा! आपण पैसे भरून आलो आणि ही फुकटात!"

"मागे व्हा," भिंगरी म्हणाली.

"अगं, ऐक तर..."

"आधी मागे व्हा! दरवाजापासून लांब. भिंतीला टेकून उभ्या राहा." तो आवाज तिचा कामाचा आवाज होता. त्या तिघींनी तो कधी ऐकलाच नव्हता. तिघी वर्गातल्या पोरींसारख्या भिंतीला लागल्या.

तिने दरवाजा ओढून घेतला, वर फिटरला हाक मारून वीज तोडायला लावली, आणि खाली उतरून लिफ्ट बंद केली. बंद म्हणजे कुलूप घालून, लाल पट्टी लावून. कुलूप तिने दोनदा जोरात ओढून बघितलं, आणि हा जोर आपल्या रागामुळे आहे की त्या तारेच्या तुकड्यामुळे, तिला कळेना.

मॅनेजर धावत आला. "मॅडम, रविवार आहे. हॉटेल भरलंय. संध्याकाळपर्यंत तरी चालू द्या. आजवर काही झालं नाही ना?"

"झालं नाही म्हणून तुम्ही मला हे विचारायला उभे आहात," ती म्हणाली. "ती तार कोणी लावली?"

मॅनेजरने छताकडे पाहिलं. उत्तर तिथे असावं बहुतेक.

एवढ्यात जिन्यावरून तिघी उतरल्या. दातवालीचा गुडघा दुखरा, ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती आणि प्रत्येक पायरीला "आई गं" म्हणत होती. हेडबाईने वाटेतच ठरवून टाकलं होतं की आपण दुखावलेल्या बाजूला आहोत.

"हे बरं नाही हं भिंगरी," ती मॅनेजरसमोर म्हणाली. "राग आला असेल तर आमच्यावर काढ. लिफ्ट कशाला बंद करतेस? आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, हिचा गुडघा असा. रुसलीस म्हणून वड्याचं तेल वांग्यावर?"

मॅनेजरचे डोळे एकदम चमकले. "अच्छा! म्हणजे मॅडमचा यांच्याशी घरगुती काही..."

इथे मात्र तिची सहनशक्ती संपली. का संपू नये? इतकी वर्षं तिचं काम हे तिचं फिरणं होतं. आज पहिल्यांदा काम त्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं, तर ते तिचं रुसणं झालं! म्हणजे बाईने काहीही करावं, ती एकतर मजा करते नाहीतर रुसते. तिसरं काही तिला करताच येत नाही.

"तुम्ही गप्प बसा," ती आधी मॅनेजरला म्हणाली. "आणि तू ऐक." ती हेडबाईकडे वळली. "मला राग आलाय. भयंकर आलाय. तुम्ही खोटं बोललात, माझ्या पाठीमागे माझ्याच जागी सहल उरकलीत, आणि वर मलाच अप्रूप नाही म्हणता. या हॉटेलात मी काय पाहिलंय माहितीय? लिफ्टचा बोळ! तळं मी आजवर वीतभर पाहिलंय, तेही यंत्रखोलीच्या झरोक्यातून. पण कान उघडे ठेवून ऐक. तुमची तोंडं मी आयुष्यात पाहिली नसती ना, तरी ही लिफ्ट मी बंद केली असती. आणि तुमच्याऐवजी माझी सख्खी आई वर अडकली असती ना, तरी बंद केली असती. हे रुसणं नाही. याला काम म्हणतात. तुझ्या शाळेत तू नापास करतेस तेव्हा काय पोरांवर रुसलेली असतेस?"

समोर टेबलामागे बसलेली हॉटेलची मुलगी फोन कानाला लावून ऐकत राहिली. फोनवर कोणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं.

हेडबाई म्हणाली, "इतकं काय लावून घ्यायचं ते? साधी गंमत कळत नाही आजकाल कोणाला." आणि दातवालीचा दंड धरून ती परत जिन्याकडे निघाली. दातवालीला खरं तर खाली बसायचं होतं, पण हेडबाईसमोर नाही म्हणायची तिची हिंमत कधी झाली होती?

भिंगरीने बॅगेतून निळा सदरा काढला नाही. तो घरीच कपाटात होता. तिने हात धुतले, गालावरचं वंगण पुसलं, पुरतं निघालं नाही ते तसंच राहू दिलं, आणि कामाच्या कपड्यांनिशी ती व्हरांड्यात गेली. वेटर सवयीने म्हणाला, "एकट्याच का? आत एक टेबल आहे."

"आतलं नको. ते, कठड्याजवळचं," ती म्हणाली. "चौघांचं."

तळं आलं एकदाचं समोर. तिने कल्पना केली होती त्यापेक्षा लहान होतं. पाणी हिरवट, काठाला दोन होड्या बांधलेल्या, एक कुत्रा ओला होऊन अंग झटकत होता. तरी ती बघतच राहिली. सूप आलं, पाव आला, भाजलेला मासा आला. समोरच्या तीन रिकाम्या खुर्च्या तिच्याकडे बघत होत्या, आणि तिला वाटलं, बडबड केली ती केली, पण आता शेवटचा रविवार संपला. आता दर महिन्याला फोन उभा करून जेवायचं. या विचाराने तिला असं रडू आलं, की तिने ते पावाच्या तुकड्याबरोबर गिळून टाकलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चिमणी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. बसली नव्हती.

"सकाळी," चिमणी म्हणाली, आणि थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सकाळी चहाचा कप घेऊन मी लिफ्टची वाट बघत होते. त्या दरवाजाला टेकून. पाठ टेकून उभी होते गं मी. तुझ्या फिटरला विचारलं आत्ता. त्याने दाखवलं मला."

भिंगरीच्या हातातला काटा खाली आला. झिजलेली गुळगुळीत कडी तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि दोन बोटांनी सरकलेला दरवाजा.

"मूर्ख आहेस," ती कशीबशी म्हणाली. "लिफ्टच्या दरवाजाला कधी टेकायचं नसतं. किती वेळा सांगितलंय, जेवताना."

"सांगितलंयस. आम्ही ऐकत नव्हतो. तू लिफ्टचं सुरू केलंस की हेडबाई टेबलाखालून पाय मारायची आणि मी हसू दाबायचे." चिमणीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "आणि मघाशी पण मी गप्प बसले. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग शिव्या दे."

"देणार आहे. जेवण झाल्यावर." तिचा राग गेला नव्हता. एवढ्या लवकर जातो तो राग कसला? पण तिने पायाने समोरची खुर्ची थोडी बाहेर ढकलली. "बस आधी. पडशील."

चिमणी बसली. भिंगरीने पावाची ताटली तिच्याकडे सरकवली. दोघी तळ्याकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात वरून, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, हेडबाईचा शाळेच्या मैदानात पोहोचणारा आवाज आला. "भिंगरी! अगं ए भिंगरी! किती वेळ लागणार आहे अजून? हिला खाली यायचंय!"

व्हरांड्यातली सगळी माणसं वर बघायला लागली. भिंगरीने सवयीने खुर्ची मागे सारली. पण तिच्या आधी चिमणी उठली. वसतिगृहातसुद्धा कधी आवाज न चढवलेली ती एवढीशी बाई कठड्याला पाठ लावून, मान वर करून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली. आधी तिने भिंगरीचं खरं नाव घेतलं, आडनावासकट. आणि मग म्हणाली,

"हे नाव आहे तिचं! नीट घे! आणि ती कामावर आलीय, फिरायला नाही! जेवू दे तिला!"